वरची कोथिंबीर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. त्यामुळे त्या रविवारी काका सह्यांचा कागद घेऊन आले तेव्हा मला पटवायला त्यांना चहासुद्धा संपवावा लागला नाही.

हे काका आमच्या नात्यातले नव्हेत. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत शेवटच्या घरात राहतात, इंजिनिअर म्हणून रिटायर झालेत आणि त्यांची हयात अमेरिकेतच गेली आहे. आमच्या हर्नडन गावाच्या आसपास नवीन मराठी कुटुंब राहायला आलं की बर्फ उपसायचं पहिलं फावडं आणि पहिला सल्ला त्यांच्याकडूनच मिळतो. फावडं ते परत मागतात, सल्ला मागत नाहीत.

कागद आमच्या काउंटीच्या सरकारी वकिलाविरुद्ध होता. इथे सरकारी वकीलसुद्धा निवडून येतो, आणि ह्याने निवडून येतानाच जाहीर केलं होतं की काही लहानसहान गुन्ह्यांचे खटले आपलं ऑफिस चालवणार नाही. खिशात थोडा गांजा सापडला, कुणी दुसऱ्याच्या आवारात शिरलं, दुकानात पहिल्यांदाच किरकोळ चोरी केली, असले गुन्हे. कायदा पुस्तकात आहे तसाच राहणार, पोलीस पकडायचे ते पकडणार, पण कोर्टात उभं राहून शिक्षा मागायची की नाही हे सरकारी वकिलाच्या हातात असतं. हा मागत नव्हता. काकांचं म्हणणं, अशानेच चोर सोकावलेत.

मला पुरावा शोधायला लांब जावं लागत नव्हतं. त्या महिन्यात आमच्या दारातून तीन पार्सलं गेली होती. एकात आईच्या गुडघ्यांचे पट्टे होते. दारावरच्या कॅमेऱ्यात चोर स्पष्ट दिसत होता. टोपी खाली ओढलेली, पायरीवर येतो, एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे बघतो, खोकं काखेत मारतो आणि चालू लागतो. तो व्हिडिओ मी इतक्या वेळा बघितला की त्याची चाल मला पाठ झाली होती. गुडघ्यांचे पट्टे घेऊन तो काय करणार होता, ह्याचाच मला जास्त संताप होता.

माझं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्यामुळे इथे मत देता येत नाही. सही मात्र करता येते. मी ती चांगली ठसठशीत केली, खाली रेघ मारली आणि वर काकांना ऐकवलं, "एकदा हातात बेड्या पडल्या ना काका, की सगळे स्ट्रेट होतात."

"अगदी बरोबर," टेबलाशी मटार सोलत बसलेली आई म्हणाली. "शिस्त लावायची तर पहिल्याच वेळी लावायची."

काकांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. ते तिला 'बाई' म्हणतात, कारण आई साताऱ्याला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि ते तिच्याकडे बघूनच कळतं. मी तिसरीत असताना शेजारच्या मैत्रिणीचा खोडरबर माझ्या दप्तरात सापडला. आईने मला त्यांच्या घरी नेलं, दारात उभं केलं आणि "काय ते तू सांग" म्हणून स्वतः जिन्यात थांबली. केलं असेल तर उभं राहून सांगायचं, हा तिच्या शाळेचा नियम होता आणि घरचाही.

बाबा गेल्यापासून ती एकटी आहे आणि मी एकुलती एक. व्हिजिटर व्हिसावर ती येते, पाच-सहा महिने राहते, परत जाते. मला भारतात जाता येत नाही असं नाही. पण गेलं की परत येण्यासाठी व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि हल्ली त्या शिक्क्यापायी तिकडे अडकून पडलेली माणसं मी बघितली आहेत. नोकरी इथे, लेक इथे आणि आपण तिकडे. त्या भीतीने मी चार वर्षं गेलेले नाही. थोडक्यात, आम्हा मायलेकींची भेट व्हायची ती तिच्या व्हिसावरच.

त्या वेळी ती एप्रिलमध्ये आली आणि आठवड्याभरात कंटाळली. मी आणि नवरा दिवसभर लॅपटॉपपुढे, नात शाळेत. चालत जाण्यासारखं एकच ठिकाण होतं, पंधरा मिनिटांवरचं मोठं किराणा दुकान. मी तिला तिथे नेलं आणि माणसाविना चालणारा काउंटर दाखवला. वस्तू मशीनपुढे धरायची, बीप वाजला की पिशवीत टाकायची, शेवटी कार्ड लावायचं. "इथे सगळं आपलं आपण असतं," मी तिला शिकवलं. पहिला बीप वाजला तेव्हा तिला कोण आनंद झाला.

मग ती रोजच जाऊ लागली. साताऱ्यात मंडईत जायची तशी, थोडं थोडं आणायला. दोन टोमॅटो, एक वांगं, दुधाचा छोटा डबा. आणि मंडईतल्यासारखीच, भाजी घेऊन झाली की वर कोथिंबीर. ह्यात कुणाला समजावण्यासारखं काही नाही. अर्धा किलो भेंडी घेतली की भाजीवाली वर चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या टाकते, नाही टाकल्या तर आपण मागून घेतो. आईची भाजीवाली तीस वर्षांच्या ओळखीची होती, ती मागायच्या आत टाकायची. इथे टाकणारं कुणी नव्हतं. तेव्हा आई भाजी मशीनला दाखवायची, पैसे द्यायची आणि मग कोथिंबिरीची जुडी नि दोन मिरच्या आपल्या हाताने पिशवीत वर ठेवायची. मी ती कोथिंबीर आमटीवर, पोह्यांवर, भरताबरोबर सहा आठवडे खात होते. तिचा हिशेब विचारावा असं माझ्या मनातही आलं नाही.

एका बुधवारी सकाळच्या मीटिंगमध्ये आईचा फोन आला. मी कट केला. परत आला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दुकानात ये. पोलीस आलेत. पासपोर्टची कॉपी आण."

दुकानाच्या मागच्या बाजूला एक खोली होती. खुर्चीवर आई बसली होती, पिशवी मांडीवर, पाठ ताठ. शेजारी दुकानाचा सिक्युरिटीवाला आणि एक तरुण पोलीस. सिक्युरिटीवाल्याने पडदा माझ्याकडे वळवला. एकूण आठ वेळांचे व्हिडिओ त्यांनी साठवले होते. दुकानाचा नियमच तसा होता, म्हणे. एकदा झालं तर दुर्लक्ष करायचं, वरचेवर झालं तर सगळं गोळा करून पोलिसांना बोलवायचं. पडद्यावर निळ्या स्वेटरमधली एक वाकलेली बाई वांगं मशीनपुढे धरत होती, कार्ड लावत होती, मग कोथिंबीर उचलत होती. शेवटच्या व्हिडिओत तिने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं आणि मग जुडी पिशवीत ठेवली. ती मला शोधत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मी तेव्हा तिच्याबरोबर गेलेच नव्हते.

मग माझा पारा चढला. "हे कोथिंबिरीसाठी? सिलँट्रोसाठी तुम्ही सत्तर वर्षांच्या बाईला..." असं मी सुरू केलं ते थांबेचना. आमच्याकडे ही फुकट मिळते, आमच्याकडे ही वर टाकतात, तुम्हाला लाज कशी वाटत नाही. पोलीस दोनदा नम्रपणे "मॅम" म्हणाला. तिसऱ्यांदा त्याला म्हणायची वेळ आली नाही.

"आवाज खाली," आई म्हणाली. मी आठवीत असल्यासारखी गप्प झाले.

दुकानाला तक्रार करायचीच होती. पोलिसाने कागद लिहिला आणि आईच्या हातात दिला. चोरी, फौजदारी गुन्हा, अमुक तारखेला कोर्टात हजर व्हावे. आईने तो पूर्ण वाचला, शाळेतली टिपणं वाचायची तसा, आणि जिथे सही करायची तिथे केली. परतताना गाडीत तिने एकच प्रश्न विचारला, "पिशवीतलं दूध तापवायला हवं का गं, की खराब झालं असेल?"

घरी आल्यावर नातीने विचारलं, "आजी, आर यू इन ट्रबल?"

"हो," आई म्हणाली.

वकीलबाई नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवल्या. त्यांचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. कोथिंबिरीचं ऐकून त्या हसल्या. व्हिसाचं ऐकल्यावर हसू थांबलं. त्या म्हणाल्या, तुरुंगाची चिंता करू नका, तिथवर जात नाही. पण चोरीचा गुन्हा परदेशी माणसाच्या नावावर सिद्ध झाला, किंवा त्याने तो आपल्या तोंडाने कोर्टात कबूल केला, तर पुढचा व्हिसा मिळणं फार कठीण. मग वस्तू कोथिंबीर होती की टीव्ही होता, हे कुणी बघत बसत नाही.

"म्हणजे मी परत येऊ शकणार नाही?" आईने इंग्रजीत विचारलं. तिचं इंग्रजी शाळेतलं आहे, पण स्वच्छ आहे.

"शक्यता आहे," वकीलबाई म्हणाल्या. मग त्यांनी समाधानाची गोष्ट सांगितली. "तुमचं नशीब की तुम्ही ह्या काउंटीत राहता. पलीकडच्या काउंटीत असतात तर हा खटला हमखास चालला असता. इथल्या सरकारी वकिलाची पॉलिसी आहे, पहिल्यांदाची किरकोळ चोरी तो कोर्टात नेत नाही. फक्त हे आठ व्हिडिओ आहेत. ते ह्याला पहिली वेळ म्हणतात की आठवी, ते त्या दिवशी फाइल हातात असणारा वकील ठरवेल."

पॉलिसी हा शब्द मी काकांच्या कागदावर वाचला होता. त्याच्या खाली माझी सही होती, रेघ मारलेली.

कोर्टाची तारीख पाच आठवड्यांनी होती. ते पाच आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. काका मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज टाकायचे, सह्या वाढतायत, काउंटीच्या सभेत अर्ज द्यायचाय, ह्या वकिलाला वाकवल्याशिवाय राहायचं नाही. मी खाली अंगठा टाकायचे. न टाकावा तर कुणाला वाटायचं, हिला काय झालं. आणि मनात देवाला सांगायचे की एवढी तारीख होऊन जाऊ दे, मग ह्या लोकांना काय वाकवायचं ते वाकवू दे. असं स्वार्थी साकडं मी आयुष्यात घातलं नव्हतं. मंडळात कुणाला काही सांगितलं नाही. आई दिसत नाही म्हणून विचारलं तर सर्दी झालीये म्हणायचे. मे-जूनच्या परागकणांनी तेवढी मदत केली.

आई दुकानात जायची थांबली. पोहे करायची, वर नुसतं खोबरं घालायची.

तारखेच्या दिवशी आम्ही दोघीच गेलो. कोर्टाच्या पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर गाडी लावली आणि मी पट्टा सोडणार तोच आई म्हणाली, "थांब. एक सांगायचंय."

मी थांबले.

"मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"कोथिंबिरीचं. एक दिवस शेजारच्या मशीनवर एक बाई जुडी धरून उभी होती. बीप वाजला. किंमत दिसली. म्हणजे कळलंच की. त्यानंतरही मी घेतली. दोनदा."

पडद्यावरची निळ्या स्वेटरमधली बाई माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, इकडे बघणारी, तिकडे बघणारी. मला राग यायला हवा होता आणि आलाही. "अगं पण का? तुला पैसे कमी होते का? मी कार्ड दिलं होतं ना?"

"पैशाचं नाही गं." ती समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडे बघत होती. "महिनाभर तिथे जात होते. एक माणूस माझ्याशी बोललं नाही. ते मशीन थँक यू म्हणतं तेवढंच. आपल्याकडे ती बाई वर टाकते ना, 'घ्या बाई' म्हणून, तसं कुणीतरी टाकावं असं वाटायचं. कुणी टाकली नाही. मग मीच टाकली."

सहा आठवडे ती घरात होती आणि मी बंद दारामागे कॅमेऱ्यातल्या माणसांशी बोलत होते. पण तेव्हा मला रडायलाही वेळ नव्हता, नवाच्या ठोक्याला आत हजर व्हायचं होतं.

"आई, हे आत बोलायचं नाही."

"खोटं सांगू?"

"खोटं नको सांगूस. गप्प बस. वकीलबाई बोलतील."

"एवढी वर्षं मुलींना सांगितलं, केलं असेल तर उभं राहून सांगा."

"आज उभी राहा," मी म्हणाले, "पण सांगू नकोस. माझ्यासाठी." आईने माझ्याकडे बघितलं, पण हो म्हणाली नाही.

कोर्टाची खोली शाळेच्या हॉलसारखी होती, बाकांच्या रांगा आणि पुढे उंच टेबल. माणसं खचाखच भरलेली. कुणी कामाच्या बुटांत आलेलं, कुणी कडेवर लेकरू घेऊन. नाव पुकारलं की एकेक जण पुढे जायचा. सरकारी बाजूला एक तरुण वकील मुलगी होती, पुढ्यात फाइलींचा ढीग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. काही खटले ती चालवत होती. बायकोला मारलेल्या एका माणसाच्या बाबतीत ती फार कडक बोलली. ही काही सोडायला बसलेली नाही, असं मला वाटलं.

आईचं आडनाव जज्जसाहेबांनी दोन प्रकारे उच्चारून बघितलं. आई उठली, पदर नीट केला आणि पुढे जाऊन उभी राहिली. वकीलबाई तिच्या शेजारी. मी पहिल्या बाकावर, पर्सचा पट्टा हाताला गुंडाळून.

सरकारी मुलीने फाइल उघडली. वाचू लागली. पान उलटलं. आठ व्हिडिओंचं पान असणार ते. खोलीत कुणीतरी खोकलं. आणि तेवढ्यात आईने हात वर केला. वर्गात करतात तसा, कोपर सरळ, पाच बोटं जुळवून.

"येस, मॅम?" जज्ज म्हणाले.

वकीलबाईंनी तिचा दंड धरला. आता ही सांगणार, कळलं होतं म्हणून, दोनदा म्हणून, आणि मग ही साताऱ्याला आणि मी इथे, आणि मधल्या फोनवर आम्ही दोघी म्हाताऱ्या होणार.

"युवर ऑनर," फाइलमधून डोकं वर न काढता ती मुलगी म्हणाली, "सरकारला हा खटला पुढे चालवायचा नाही."

जज्जांनी शिक्का मारला. एवढ्या मोठ्या खोलीत तो ठक्क असा वाजला. मग त्यांनी चष्म्यावरून आईकडे बघितलं. "केस डिसमिस झाली आहे, मॅम. तुम्हाला काही बोलायचं होतं का?"

आईचा हात अजून वरच होता. तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी काय चेहरा केला होता कोण जाणे. तिने हात हळूच खाली घेतला.

"थँक यू," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. तसा तो कधी पडला नव्हता, नोकरी लागली तेव्हा नाही, लेक झाली तेव्हाही नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन मी आधी हसले, मग रडले, मग आईला भूक लागली म्हणून मशीनमधून वेफर्सचं पाकीट काढलं आणि आम्ही दोघींनी ते उभ्या उभ्या संपवलं. इतके चविष्ट वेफर्स मी पुन्हा खाल्ले नाहीत. ती सरकारी वकील मुलगी पाणी भरायला बाहेर आली तेव्हा मी तिला गाठलंच. आभार मानले आणि राहवेना म्हणून विचारलं, आठ व्हिडिओ असताना का सोडलंत?

ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "माझ्याकडे आज इतक्या फाइल्स आहेत. त्यातल्या काहींत कुणाचं तरी डोकं फुटलंय. मला तिकडे वेळ द्यायचाय." मग आईकडे वळून म्हणाली, "पुढच्या वेळी स्कॅन करा, मॅम." आई म्हणाली, "करीन." एवढीच काय ती तिची शिक्षा.

वकीलबाईंनी केस डिसमिस झाल्याचा शिक्क्याचा कागद काढून दिला आणि प्रत्येक प्रवासात जवळ ठेवायला सांगितला. पुढच्या वर्षी आई परत आली तेव्हा विमानतळावर तिला बाजूला बसवलं. मी बाहेर दीड तास दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत उभी होते. कागद बघितला, दोन प्रश्न विचारले आणि सोडलं. ती ट्रॉली ढकलत आली आणि म्हणाली, "त्यांची पण कामाची वेळ संपत आली होती बहुतेक." पण ते नंतरचं. कोर्टानंतरच्या रविवारी काका आले, ते सांगायचं राहिलं.

अर्ज काउंटीच्या सभेत द्यायची तारीख ठरली होती. तिथे कुणीतरी उभं राहून बोलायला हवं होतं. "तूच बोल," काका मला म्हणाले. "तुझ्यासारखं तोंडावर फाडफाड बोलणारं कुणी नाही आपल्यात. पार्सलांचं सांग, तो व्हिडिओ दाखव. इम्पॅक्ट पडेल."

मी कारणं सुरू केली. ऑफिसात रिलीज आहे, लेकीची परीक्षा आहे. नऊ वर्षांच्या मुलीची कसली परीक्षा, हे काकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कागदावरची सही काढून घ्यायची तर कारण द्यावं लागलं असतं, आणि आईची अब्रू माझ्याच्याने अशी टेबलावर ठेववेना. मी तिच्यासाठीच गप्प आहे, असं मला वाटत होतं.

आई पोह्यांच्या बशा घेऊन आली. काकांपुढे एक ठेवली, माझ्यापुढे एक. बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"मी चोरी केली," ती म्हणाली.

काकांचा चमचा हातातच राहिला. आईने सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. कोथिंबीर, मिरच्या, आठ वेळा, त्यातल्या दोन कळून सवरून. खोली, पोलीस, कोर्ट. सर्दी झाली नव्हती हेसुद्धा. मला मध्ये बोलायचं होतं, आपल्याकडे वर टाकतात, तिला माहीत नव्हतं, पण तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तिसरीतच गेले.

"तुमच्या कागदावर ज्यांच्याबद्दल लिहिलंय ना, त्यात मी येते," ती शेवटी म्हणाली. "मला त्यांनी सोडलं. मला फार फार बरं वाटलं. झोप लागली त्या दिवशी. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय तुम्हाला चहा देणं मला बरं वाटेना."

काकांनी घसा साफ केला. "अहो बाई, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही काय चोर आहात का?"

"वेगळी कशी?" आई म्हणाली. "मी बघितलाय ना माझा व्हिडिओ. एकदा इकडे बघते, एकदा तिकडे बघते आणि पिशवीत टाकते. हिच्या पार्सलवाल्यासारखीच दिसते मी. त्याची गोष्ट कुणी विचारलीच नाही, एवढाच फरक."

वर लेकीच्या खोलीत टॅबलेटवर कसलं तरी कार्टून चालू होतं. काकांनी कागदाकडे बघितलं, मग आईकडे, मग परत कागदाकडे. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या सहीचं पान शोधून काढलं आणि खिशातलं पेन दिलं. माझी सही मी रेघ मारून खोडली, मागच्या वेळी खाली मारली होती तेवढीच ठसठशीत. काकांनी स्वतःच्या सहीला हात लावला नाही. पण कागद घडी करून खिशात ठेवला आणि सभेचं पुन्हा काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

मग त्यांनी बशी जवळ ओढली. पोह्यांवर हिरवीगार कोथिंबीर होती, सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. त्यांचा चमचा तिच्यापाशी येऊन थबकला.

"खा, खा," खुर्ची ओढून बसत आई म्हणाली. "बीप वाजवून आणलीय."